कॅम्पग्राउंड होस्टचा एक हंगाम: राख, संडास आणि चाकांवरचं घर

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांमध्ये कॅम्पिंगचा हंगाम मेमोरियल डेच्या, म्हणजे मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारच्या सुमाराला उघडतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेनंतर ओसरू लागतो. या काळात सरकारी कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी बहुधा एक आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, मुक्कामाला असते. तिच्यापुढे 'होस्ट' अशी पाटी, टेबलावर नकाशे, बाजूला फावडी आणि बादल्या. त्या आरव्हीत राहणाऱ्यांचं काम काय, ते मिळतं कसं आणि हंगामभर निभावायला काय काय लागतं, ते आम्ही इथे सविस्तर लिहितो आहोत. निवृत्तीनंतर आरव्ही घ्यायचा विचार करणाऱ्या इथल्या मराठी जोडप्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधीच सांगून ठेवतो: कामाचे सर्वाधिक तास राख उपसण्यात आणि संडास साफ करण्यात जातात. लोकांना पायवाटा दाखवणं, पोरांना अस्वलाचे ठसे ओळखायला शिकवणं हे उरलेल्या वेळात. आणि ते मुख्य काम धड व्हायचं, तर आपलं घर इतकं ठाकठीक उभं असावं लागतं की दिवसभर त्याच्याकडे बघायची गरज पडू नये. ज्यांचं घरच रोज काहीतरी मागत असतं, ते जुलैपर्यंत थकून जातात.

काम मिळवायच्या वाटा दोन. एकीत तुम्ही स्वयंसेवक असता. नॅशनल पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट यांच्या जागा 'व्हॉलंटिअर डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावर निघतात. राज्यांची उद्यानखाती आपापल्या जागा स्वतंत्रपणे जाहीर करतात. पगार नाही, बदल्यात आरव्ही लावायला जागा आणि जिथे असेल तिथे वीज-पाणी. दुसऱ्या वाटेने तुम्ही नोकरीवर असता. फॉरेस्ट सर्व्हिसची बरीच कॅम्पग्राउंड खासगी कंपन्या परवान्यावर चालवतात आणि त्या तासाप्रमाणे पैसे देतात. उन्हाळ्याच्या जागांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीत अर्ज केलेला बरा. ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडातल्या हिवाळी जागांची शोधाशोध उन्हाळ्यातच सुरू करावी लागते.

कागदपत्रांचा प्रश्न आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल तर अडचण नाही. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्याला, ज्या मालकाने व्हिसा काढला त्याला सोडून दुसरीकडे असं पगारी काम करता येत नाही. भारतातून पर्यटकांच्या बी-२ व्हिसावर आलेल्या आईवडिलांनी 'फुकटच तर करतोय' म्हणून हातात झाडू घेऊ नये. बदल्यात राहायची जागा मिळत असेल तर तो मोबदला धरला जाऊ शकतो. त्यांनी पाहुणे म्हणून राहावं, आणि तेही किती दिवस चालेल हे पर्यवेक्षकाला आधी विचारून.

फोनवर सगळे गोडच बोलतात. हंगाम कसा जाणार ते करारात ठरतं. पहिला प्रश्न तासांचा. स्वयंसेवकांकडून साधारण आठवड्याला २० ते ३२ तास मागतात. हे तास जागेमागे की माणसामागे? दोघांत मिळून २४ आणि प्रत्येकी २४ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुट्टीचे दोन दिवस लागोपाठ मिळतात का, आणि त्या दिवसांत रात्री बाहेर राहिलेलं चालतं का? पैसे गोळा करायचे आहेत का? संडास किती, आणि साफसफाईचं सामान कोण देणार? फिरायला गोल्फ कार्ट आहे की स्वतःची गाडी, आणि पेट्रोल कोणाचं? होस्टच्या जागेवर वीज ३० अँपिअरची की ५०ची, की नाहीच? 'फुल हुकअप', म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या, हा शब्द ऐकून थांबू नका. सांडपाण्याची नळी थेट गटाराला जोडायची आहे, जमिनीतल्या टाकीत सोडायची आहे, की वाहून न्यायची आहे, असं सरळ विचारा. जागेची लांबी टेप लावून मोजायला सांगा. भिंत बाहेर सरकणारी, म्हणजे स्लाइड-आउटवाली आरव्ही असेल तर रुंदीही विचारा, कारण पाइनचं एक झाड आडवं आलं की ती भिंत हंगामभर आतच राहते.

सरकारी स्वयंसेवक-करारावर सही झालेली असली की कामावर झालेल्या दुखापतीला संघराज्याच्या कर्मचाऱ्यासारखंच भरपाईचं संरक्षण मिळतं. म्हणूनच करारात न लिहिलेल्या कामाला हात लावू नये. वाटेवर झाड पडलं आणि आपल्याकडे चेनसॉ आहे, म्हणून आपण ते कापायला घेतलं असं चालत नाही; फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं. तासांची नोंद रोजच्या रोज लिहा. २५० तास भरले की संघराज्याच्या उद्यानांचा वर्षभराचा प्रवेशपास मिळू शकतो, आणि तो या नोंदीवरच मिळतो.

कायमचं आरव्हीत राहणाऱ्यांना पत्ता कुठला दाखवायचा हाही प्रश्न असतो. बरेच जण साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. तिथे टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत आणि राज्याचा आयकर नाही. मात्र पगारी काम कोलोरॅडोत केलं, तर त्या कमाईवर कोलोरॅडोचा कर लागतोच. पासष्टी ओलांडलेल्यांनी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याकडे नीट बघावं. मूळ मेडिकेअर ते स्वीकारणाऱ्या कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरकडे चालतं. मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या योजना बहुधा एका भागापुरत्या बांधलेल्या असतात आणि तातडीच्या उपचारांपलीकडे बाहेर उपयोगी पडत नाहीत.

आता घर. निघण्याआधी भरलेल्या आरव्हीचं वजन ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर करून घ्या, प्रत्येक आसाचं वेगळं. दाराजवळच्या स्टिकरवर कमाल वजन लिहिलेलं असतं. पाच महिन्यांचा किराणा, कुकर, पुस्तकं आणि अवजारं भरली की ते सहज ओलांडलं जातं. टायरच्या नक्षीवर जाऊ नका. कडेला डीओटी या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे बघा: २३२१ म्हणजे २०२१च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने फुटतात. सहा वर्षं झाली की आम्ही ते बदलतो.

जागेवर पोचल्यावर आधी आरव्ही समतल करायची, चाकांना उटी लावायची, मगच गाडीची जोडणी सोडायची. समतल असणं केवळ झोपेसाठी नसतं. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं. घर तिरकं राहिलं तर ते एका जागी साचतं आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो.

विजेच्या खांबाशी कधीही घाई करू नये. ब्रेकर बंद करून सॉकेटची भोकं बघायची. कडेला तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर तिथे प्लग लावू नका. आतली पकड सैल झालेली असते आणि पूर्ण भार पडला की तिथेच तापतं. आधी ईएमएस, म्हणजे व्होल्टेजवर नजर ठेवून गरज पडली तर पुरवठा तोडणारं उपकरण, लावायचं, त्यानंतर आरव्हीची केबल, आणि शेवटी ब्रेकर चालू. जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये गरम दुपारी सगळ्यांचे एसी लागले की व्होल्टेज घसरतं. आमचं ईएमएस १०४ व्होल्टखाली पुरवठा तोडतं, आणि तेच बरं, कारण कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जळतो. ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टला एकूण ३६०० वॉट मिळतात. एसीला दीड हजार, इंडक्शन शेगडीला अठराशे, आणि तेवढ्यात पाणी तापवायचा हीटर चालू झाला की ब्रेकर पडलाच. स्वयंपाकाच्या वेळी हीटर गॅसवर ठेवायचा हा सोपा उपाय. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही. त्याच कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर इकडच्या भारतीय दुकानांत मिळतात, तेच घ्यावेत.

पाण्यासाठी पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी, गाळण आणि नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर लागतो. डोंगरातल्या कॅम्पग्राउंडला पाण्याची टाकी उंचावर असते, त्यामुळे नळाला दाब जबरदस्त येतो आणि आरव्हीतले प्लास्टिकचे जोड सुटतात. रेग्युलेटर ४५ ते ५० पीएसआयवर ठेवावा. मेमध्ये ८,००० फुटांवर रात्री पाणी गोठतं. तेव्हा संध्याकाळी आतली टाकी भरून घ्यायची, नळी काढून रिकामी करायची आणि रात्रभर आतल्या पंपावर राहायचं. गरम होणारी नळी मिळते, पण नळ स्वतः गोठला तर तिचा काय उपयोग?

संडासाच्या टाकीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नवीन लोक हमखास इथेच फसतात. आरव्हीत दोन सांडपाण्याच्या टाक्या असतात: एक मोरीच्या पाण्याची, एक संडासाची. गटाराची नळी कायम जोडलेली आहे म्हणून दोन्ही वॉल्व्ह उघडे ठेवायचा मोह होतो. मोरीचा ठेवला तरी चालतो. संडासाचा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग भोकाखाली ढिगासारखा साचत, वाळत जातो. महिन्याभरात तो ढीग दगडासारखा होतो आणि उपसायला माणूस बोलवावा लागतो. संडासाचा वॉल्व्ह बंदच ठेवायचा, प्रत्येक वेळी भरपूर पाणी सोडायचं, आणि टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम रिकामी करायची, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं निघून जातं. आधी संडासाची, मग मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. त्यासाठी आदल्या दिवशीच मोरीचा वॉल्व्ह बंद करून पाणी साठवायचं. शेवटी टाकीत दोन-तीन गॅलन स्वच्छ पाणी टाकून ठेवायचं. कोरडी टाकी कधीच ठेवू नये. नळीच्या टोकाला पारदर्शक कोपरा लावला की आत काय चाललं आहे ते दिसतं.

होस्टच्या जागेला गटाराची जोडणी नसेल तर चाकांची टाकी भरून डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे सांडपाणी ओतायच्या जागेपर्यंत, ओढत न्यावी लागते. गॅलनभर पाण्याचं वजन ८.३ पौंड. ३० गॅलन म्हणजे २५० पौंड, ११३ किलो. भरलेली टाकी गाडीच्या मागे बांधून चालण्याच्या वेगाने न्यायची, आणि ही फेरी आठवड्यातून दोनदा होणार असेल तर करार करतानाच त्याचा विचार व्हावा.

उंचीवर स्वयंपाकही बदलतो. ९,००० फुटांवर पाणी ९१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकर हवाच, आणि त्यातही आतलं तापमान खालच्यापेक्षा कमीच राहतं. घरी तीन शिट्ट्यांत होणारी डाळ इथे पाच घेते. राजमा-छोले रात्रभर भिजवूनही जास्त वेळ लागतो. खमंग फोडणीच्या धुराने आरव्हीतला अलार्म वाजतो, तेव्हा फोडणी पंखा लावून आणि खिडकी उघडून. जमिनीलगत बसवलेला दुसरा अलार्म गॅसगळतीचा असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. तो कितीही त्रास देत असला तरी बंद करायचा नाही.

दिवसाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. रिक्रिएशन डॉट गव्हवरून आलेली आरक्षणांची यादी घेऊन आम्ही तीन खुणा करतो: उद्या सुटणाऱ्या आणि उद्याच भरणाऱ्या जागा, फक्त सुटणाऱ्या, आणि राहणाऱ्या. पहिल्या प्रकारावर सगळा दिवस अवलंबून असतो. समजा ४० जागांच्या कॅम्पग्राउंडमध्ये रविवारी २५ रिकाम्या होतात. एका जागेला १२ मिनिटं धरली तर ५ तास, दोघांत अडीच. आणि दुपारी बाराला जागा सोडायची, दोनला नवे येणार, म्हणजे हातात तास दोनच. म्हणून नऊपासून जी जागा सुटेल ती लगेच करायला घ्यायची, पण यादीतल्या पहिल्या खुणेच्याच क्रमाने. ज्या जागेवर मंगळवारपर्यंत कोणी येणार नाही, तिला रविवारी हात लावायचा नाही. जागेच्या खांबावर नाव आणि तारखांची चिठ्ठी लावायची ती शिसपेन्सिलीने किंवा पक्क्या मार्करने लिहावी. डोंगरात दुपारी वीज-पाऊस ठरलेला, बॉलपेनची शाई वाहून जाते आणि मग संध्याकाळी दोन कुटुंबं एकाच जागेवर हक्क सांगत उभी राहतात.

बासष्टी पार केलेल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना सीनिअर पास मिळतो, आयुष्यभराचा ८० डॉलरला, आणि त्यावर संघराज्याच्या अनेक कॅम्पग्राउंडमध्ये निम्मं भाडं पडतं. पास आणि ओळखपत्र दोन्ही बघायची, कारण सवलत पासधारकालाच असते, त्याच्या गाडीतल्या मुलाला नाही.

आता राख. शेकोटीचं लोखंडी कडं राखेने भरत गेलं की त्याची खोली कमी होते, ज्वाळा कडेच्या वर येतात आणि वाऱ्याने ठिणग्या गवतात जातात. म्हणून राख उपसणं हे आग टाळण्याचंच काम आहे. पण सकाळची राख कधीच थंड समजू नये. वरून पांढरी, मऊ, निपचित दिसते. फावडं चार इंच खाली घातलं की लाल डोळा उघडतो. आत दडलेला निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. आमची पद्धत अशी: वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं, कडेकडेने सावकाश पाणी ओतायचं. मधोमध बादली उपडी केली तर वाफेचा आणि राखेचा लोट सरळ तोंडावर येतो. मग फावड्याने तळापर्यंत ढवळायचं, अर्धवट जळलेली लाकडं उलटीपालटी करून खरवडायची, पुन्हा पाणी. चर्रर्र आवाज थांबला की हातमोजा काढून तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्यायची. ऊब लागली की पुन्हा पाणी. ऊब नाही लागली, तरच उपसायला सुरुवात.

राख भरायची ती झाकणाच्या लोखंडी बादलीतच. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकलेल्या राखेने अनेक पेट्या पेटल्या आहेत. बादली अर्धीच भरावी, ओली राख फार जड असते आणि पाठ धरते. ओल्या राखेत क्षार असतो; उघड्या हातांची सालं निघतात, डोळ्यात गेली तर चांगलीच झोंबते. म्हणून रबरी हातमोजे, चष्मा, आणि कोरडी राख असेल तर एन९५ मास्क. राखेत काय काय निघतं: ॲल्युमिनियम फॉइल, बाटल्यांच्या काचा, बिअरचे डबे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खिळे. लोक सामानाच्या जुन्या लाकडी चौकटी जाळतात, लाकूड जळून जातं, मूठभर खिळे उरतात आणि पुढच्या पाहुण्याच्या टायरमध्ये जातात. काठीला बांधलेलं लोहचुंबक कड्यात आणि आजूबाजूला फिरवायचं.

सरपण बाहेरून आणू नका, असं लोकांना सांगावं लागतं आणि कारणही सांगावं. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि लोकांच्या गाड्यांतल्या सरपणाबरोबर राज्याराज्यांत पसरला. ॲशची कोट्यवधी झाडं त्याने मारली. कारण कळलं की बहुतेक लोक वाद घालत नाहीत. आगीच्या निर्बंधांचंही तसंच. साधारणपणे पहिल्या टप्प्यात कॅम्पग्राउंडच्या पक्क्या कड्यातली शेकोटी चालते, दुसऱ्यात कुठलीच नाही. चालू-बंद करता येणारी गॅसची शेगडी मात्र चालते. निर्बंध बदलला की त्याच दिवशी प्रत्येक जागेवर जाऊन तोंडी सांगायचं. पाटी कोणी वाचत नाही.

संडास बहुतेक ठिकाणी फ्लशचे नसतात. खाली साधारण १,००० गॅलनची बंद काँक्रीटची टाकी, वर सिमेंटची खोली, आणि मागे छपराच्या वर गेलेला जाड काळा पाइप. हा पाइप काळा असण्याला कारण आहे. उन्हाने तो तापतो, आतली हवा वर चढते, आणि भिंतीतल्या झरोक्यातून आलेली ताजी हवा संडासाच्या भांड्यातून खाली खेचली जाते. वास पाइपातून छपरावर निघून जातो. फॉरेस्ट सर्व्हिसच्या अभियंत्यांनी घडवलेली ही रचना नीट चालली तर खोलीत वास येतच नाही. वास येऊ लागला तर आधी झरोका बघा, बहुधा कोणीतरी थंडीमुळे पिशवीने बुजवलेला असतो. झाडाच्या फांद्यांनी पाइपावर सावली धरली, किंवा वारा अडवला, तरीही हवा खेचली जात नाही. पाइपाच्या तोंडावर जाळी आहे ना हेही बघावं: झाडाच्या ढोलीत राहणारी घुबडं त्याला ढोली समजून आत शिरतात आणि अडकून मरतात. वायोमिंगच्या टीटन रॅप्टर सेंटरने यासाठी खास जाळ्या बनवून देशभर पोचवल्या आहेत.

साफ करताना दार उघडं अडकवून ठेवायचं, कोपऱ्यांत गांधीलमाशा आणि साप नाहीत ना बघायचं. जंतुनाशक वरपासून खालपर्यंत फवारून डब्यावर लिहिलेली मिनिटं, बहुधा दहा, थांबायचं. फवारलं आणि लगेच पुसलं तर जंतू मरत नाहीत. तेवढ्या वेळात कागदाची गुंडाळी बदलायची. ब्लीच इथे वापरत नाही: मूत्रातल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो. जमीन धुतलेलं पाणी दाराबाहेर ओढायचं, भांड्यात नाही. टाकी पाण्याने भरली की उपसणारा ट्रक लवकर बोलवावा लागतो. टाकीत पडलेले डायपर आणि डबे तर त्या ट्रकच्या माणसाला आकड्याने एकेक काढावे लागतात. हे लोकांना सांगितलं की त्यांच्या वागण्यात फरक पडतो.

ब्लीच लागतं ते उंदरांसाठी. हंगामाच्या सुरुवातीला बंद पडलेली शेड, सामानाची खोली उघडली की उंदरांच्या लेंड्या दिसतात. पश्चिमेकडच्या डिअर माऊस या उंदरापासून हँटाव्हायरस होतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात दहा जणांना लागण झाली, त्यांतले बहुतेक करी व्हिलेजमध्ये राहिलेले, आणि तिघे गेले. अशा खोलीत झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम चालवायचा नाही. धूळ उडाली की श्वासातून विषाणू आत जातो. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर ओतायचं, पाच मिनिटं भिजू द्यायचं, मग हातमोजे घालून कागदाने पुसून दुहेरी पिशवीत. आरव्ही हिवाळाभर उभी राहिली असेल तर तिच्या तळकप्प्यांनाही हीच पद्धत.

रात्री नऊच्या फेरीत टॉर्च फक्त टेबलांवर टाकायचा. कूलर, कुत्र्याची वाटी, टूथपेस्ट, साबण, तेलाची बाटली, मसाल्याचा डबा, अस्वलाच्या हिशोबात सगळं खाणंच. सगळं लोखंडी पेटीत ठेवून तिची खिटी बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकदा माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुन्हा पुन्हा येतं, धीट होतं, आणि शेवटी बहुतेक वेळा मारावं लागतं. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला ग्रिझली अस्वलांमुळे तंबू आणि कापडी भिंतींचे ट्रेलर अजिबात चालत नाहीत. नियम उद्यानागणिक बदलतात: यलोस्टोनमध्ये बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवणारा तिखट फवारा, जवळ ठेवायला सांगतात, योसेमिटीत तो न्यायलाच बंदी आहे.

रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. आवाज करणाऱ्यांकडे दोघांनी मिळून जावं, जागेच्या खांबाशीच थांबावं, तंबूच्या दाराशी नाही. 'शेजारच्या जागेवर लहान मूल झोपलंय, आवाज जरा कमी कराल का?' इतकंच. नव्वद टक्के काम इथे होतं. दुसऱ्यांदा जायचं नाही. जागेचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट आणि वेळ लिहून रेंजरला रेडिओवर कळवायचं. होस्टला दंड करायचा, गाडी अडवायचा, सामान तपासायचा अधिकार नाही, आणि तो आहे असं भासवूही नये.

लेबर डेनंतर रात्री पुन्हा गोठू लागतात आणि निघायची तयारी सुरू होते. पाणी तापवायचा हीटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्यायचा, एखादा नळ उघडून दाब सोडायचा, मगच खालचं बूच काढायचं. गरम असताना काढलं तर उकळतं पाणी अंगावर येतं. बुचाला जोडलेली धातूची कांडी, म्हणजे ॲनोड रॉड, गंजून तारेएवढी उरली असेल तर बदलायची. ती गंजते म्हणूनच टाकी वाचते. मग हीटरकडे जाणारं पाणी बायपासने तोडायचं आणि पंपाने दोन-तीन गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) ओढून प्रत्येक नळ, आधी गरम मग गार, गुलाबी धार येईपर्यंत उघडायचा. बाहेरचा शॉवर हमखास विसरतो आणि वसंतात तोच फुटलेला सापडतो. मोरीच्या आणि न्हाणीच्या भोकात एकेक कप ओतायचं, संडासात थोडं सोडायचं. होस्टची पाटी, रेडिओ आणि राखेची बादली शेडमध्ये परत. शेडच्या, संडासांच्या आणि फाटकाच्या किल्ल्या यादीवर टिकमार्क करत पर्यवेक्षकाच्या हातात द्यायच्या आणि यादीवर त्याची सही घ्यायची.